३०७ नंबरची डिस्क नेमकी कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातपूरच्या एका कारखान्यात सहा सर्व्हरचं सेफ (Ceph) क्लस्टर उभं राहतंय, म्हणजे अनेक मशीनच्या डिस्क एकत्र करून डेटा साठवणारी व्यवस्था. प्रत्येक सर्व्हरमध्ये १२ मोठ्या हार्ड डिस्क आणि २ एनव्हीएमई (छोट्या, वेगवान फ्लॅश डिस्क). विचारणाऱ्यांची योजना अशी, की पहिल्या सर्व्हरच्या ओएसडींना (एकेक डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम म्हणजे ओएसडी) १०१ ते ११२ नंबर द्यायचे, दुसऱ्याच्या २०१ ते २१२, असं करत सहाव्याच्या ६०१ ते ६१२. म्हणजे रात्री दोन वाजता ‘४०९ बंद पडला’ असा मेसेज आला, तर चौथा सर्व्हर, नववा स्लॉट हे अर्धवट झोपेतही कळेल. सोबत दोन पोटप्रश्न आहेत. डिस्क बदलली की नंबर जुनाच ठेवायचा की नवा घ्यायचा? आणि चाचणीच्या क्लस्टरवर नंबर आधीच उलटसुलट झालेत, ते सरळ करून घ्यायचे का?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. नंबर सेफला घेऊ द्या. डिस्क बदलताना मात्र हट्टाने तोच नंबर परत वापरा. उलटसुलट झालेत ते तसेच राहू द्या. या तिन्हींत मधलं सर्वांत महत्त्वाचं, आणि लोक बहुतेक वेळा पहिल्यावर वाद घालत बसतात आणि मधलं विसरतात.

तुमची योजना वाचून हसू आलं, कारण हीच योजना मी स्वतः राबवली होती. अंबडला एका ठिकाणी पाच सर्व्हर होते, प्रत्येकी १२ डिस्क. तेव्हा ओएसडी तयार करताना नंबर हाताने देता यायचा, आणि मी मोठ्या कौतुकाने सर्व्हर गुणिले शंभर अधिक स्लॉट असं गणित बसवलं. भिंतीवर तक्ता लावला. नवीन पोरं आली की त्यांना तक्ता दाखवायचो. वर्षभर सगळं सुरळीत चाललं.

मग तिसऱ्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. बोर्ड यायला तीन आठवडे लागणार होते. हाताशी एक सुटं मशीन होतं, त्याला सहावं म्हणायचं ठरलं, आणि तिसऱ्यातल्या बाराच्या बारा डिस्क काढून सहाव्यात घातल्या. सेफने हू की चू केलं नाही. ओएसडी सुरू झाले आणि क्रश नकाशात (कुठला ओएसडी कुठल्या मशीनखाली, याचा सेफचा नकाशा) आपोआप सहाव्या मशीनखाली जाऊन बसले. नंबर अर्थातच ३०१ ते ३१२ हेच राहिले, कारण नंबर डिस्कवरच्या मजकुरात असतो, खोक्यात नाही. पुढे बोर्ड आला, तिसरं मशीन दुरुस्त झालं, त्यात नव्या डिस्क आल्या. त्यांना ३०१ देता येईना, ते नंबर आधीच जिवंत होते. मग आम्ही त्यांना ६०१ ते ६१२ दिले. तिघांनाच ठाऊक होतं, की तीन आणि सहा यांची अदलाबदल झालीये. ‘सगळ्यांना माहितीये’ असं आम्ही समजत होतो. तिघांपैकी एक पुण्याला गेला, एकाचा विभाग बदलला, आणि तिसरा म्हणजे मी, त्या रात्री मामेभावाच्या लग्नात येवल्याला होतो.

रात्री ३०७ मेली. ड्यूटीवरच्या मुलाने अगदी शहाण्यासारखं नोआउट लावलं, म्हणजे डिस्क बदलेपर्यंत डेटाची पळापळ नको. तक्ता पाहिला, तिसऱ्या मशीनपाशी गेला, सातवी डिस्क ओढली. ती ६०७ होती, ठणठणीत. तिथला डेटा ज्या पूलमध्ये, म्हणजे सेफमधल्या साठ्याच्या विभागात, होता, तो आम्ही पैसे वाचवायला दोनच प्रतींचा ठेवला होता. ज्या प्लेसमेंट ग्रुपची (सेफ डेटाचे असे गठ्ठे करून त्यांच्या प्रती ओएसडींवर वाटतो) एक प्रत ३०७ वर आणि दुसरी ६०७ वर होती, ते सगळे जागीच थांबले, आणि त्यांच्यावर ज्या ज्या व्हर्च्युअल मशीन अवलंबून होत्या त्याही. नशिबाने त्याने डिस्क टेबलावर ठेवली होती, पुसली नव्हती. परत घातल्यावर ओएसडी उठला आणि काम सुरू झालं. पण मधली चाळीस मिनिटं माझ्या फोनला रेंज नव्हती, आणि त्या मुलाची अवस्था काय झाली असेल ते मी सांगायला नको. चूक त्याची नव्हती. तक्ता माझा होता.

यातून मी जे शिकलो ते असं, की चुकीचा नंबर तेवढा घातक नसतो, जेवढा बहुतेक वेळा बरोबर निघणारा नंबर असतो. ३०७ हा आकडा ‘मला विचारा, मी पत्ता सांगतो’ असा आव आणत होता म्हणून कुणी खात्री केली नाही. तोच ओएसडी ३१ नंबरचा असता, तर त्या मुलाला मुकाट्याने क्लस्टरलाच विचारावं लागलं असतं.

गोदावरीला पूर आला, की पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं का खांद्याला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतो. ते माप चालतं, कारण मारुती हलत नाही. डिस्क हलते. खोकं बदलतं, रॅक बदलते, कधी सबंध क्लस्टर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं. हलणाऱ्या वस्तूच्या नावात तिची जागा कोरली, की आज ना उद्या ते नाव खोटं पडतं. शाळेच्या हजेरीपटावरचा क्रमांक मुलगा कुठल्या बाकावर बसतो ते सांगत नाही, आणि कुणी तशी अपेक्षाही करत नाही. ओएसडीचा नंबर म्हणजे तो हजेरीपटावरचा क्रमांक.

आता सेफ स्वतः नंबर कसा देतो ते पाहू. मॉनिटर, म्हणजे क्लस्टरचा नकाशा सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम, शून्यापासून पाहत जातो आणि जो सर्वांत लहान नंबर मोकळा असेल तो देतो. आपल्याकडे पेरणीनंतर जिथे उगवलं नाही तिथे नांग्या भरतात, अगदी तसंच. मधे रिकामी जागा असेल तर आधी ती भरायची, मगच पुढे जायचं. यामागे कंजूषपणाचं एक कारण आहे. ओएसडींचा नकाशा आतून एका सलग रांगेसारखा ठेवलेला असतो, शून्यापासून सर्वांत मोठ्या नंबरापर्यंत. मधले नंबर कुणी वापरत नसलं तरी त्यांची जागा धरलेलीच असते. सेफच्या अधिकृत दस्तऐवजातही हाताने नंबर देऊ नका, असा स्पष्ट इशारा याच कारणाने दिलेला आहे.

तुमच्या योजनेत ७२ डिस्कसाठी रांग ० ते ६१२ अशी ६१३ जागांची होईल, त्यांतल्या ५४१ रिकाम्या. खरं सांगायचं तर एवढ्याने तुमचं क्लस्टर गुदमरणार नाही. उगाच भीती घालत नाही. पण ही योजना तिथेच थांबत नाही ना! पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणतं, रॅकचाही आकडा घालू. मग पहिल्या रॅकच्या तिसऱ्या सर्व्हरचा बारावा स्लॉट होतो १०३१२. डिस्क शंभरसुद्धा नाहीत आणि रांग दहा हजारांच्या पुढची. आणि हा नकाशा एकाच ठिकाणी नसतो. प्रत्येक मॉनिटरकडे, प्रत्येक ओएसडीकडे, क्लस्टर वापरणाऱ्या प्रत्येक क्लायंटकडे तो असतो. मॉनिटर तर जुन्या नकाशांच्या निदान ५०० आवृत्त्या सांभाळून ठेवतो. रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा मांडायचा, तोही एका आकड्यातून पत्ता वाचता यावा म्हणून!

मुद्दा मेमरीचा कमी आणि क्रशचा जास्त आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. सेज वाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २००६ साली क्रश मांडलं, तेव्हापासून त्याचं सूत्र एकच: डेटा कुठे आहे याची यादी ठेवायची नाही, तो कुठे असायला हवा ते दर वेळी गणिताने काढायचं. २०१५ च्या हॅमर आवृत्तीपासून आलेल्या स्ट्रॉ-टू पद्धतीत हे गणित चिठ्ठ्या टाकण्यासारखं चालतं. एखाद्या प्लेसमेंट ग्रुपसाठी प्रत्येक उमेदवाराच्या नावाने एक काडी ओढायची. काडीची लांबी ठरते ती त्या ग्रुपचा आकडा, उमेदवाराचा नंबर आणि कितवा प्रयत्न आहे यांच्या हॅशवरून, म्हणजे त्यांतून गणिताने निघणाऱ्या ठरावीक आकड्यावरून, मग तिला वजनाचा गुणक लावायचा. ज्याची काडी सर्वांत लांब तो जिंकला.

उमेदवाराचा नंबर, हे शब्द पुन्हा वाचा. ओएसडीचा नंबर हे नुसतं लेबल नाही, तो सोडतीतला सहभागी आहे. नंबर बदलला की सोडतीचा निकाल बदलतो.

म्हणून डिस्क मेल्यावर दोन रस्ते आहेत आणि त्यांची किंमत वेगवेगळी आहे. पहिला, पर्ज. ओएसडी क्रशमधूनही जातो, त्याची किल्लीही जाते, नंबर मोकळा होतो. त्या सर्व्हरचं एकूण वजन घटतं, म्हणून काही डेटा इतर सर्व्हरांकडे निघतो. मग नवी डिस्क येते, वजन पुन्हा वाढतं, डेटा पुन्हा उलट फिरतो. नंबर नवा असेल तर सोडत नव्याने होते आणि त्या सर्व्हरच्या धडधाकट डिस्कवरचाही काही डेटा उगाच जागा बदलतो. दुसरा रस्ता, डिस्ट्रॉय. हा २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून आहे. यात डिस्कवरची ओळख संपते, पण नंबर आणि क्रशमधली जागा वजनासकट राखून ठेवली जाते, जेवणाच्या पंगतीत रुमाल टाकून ठेवावा तशी. नवी डिस्क त्याच नंबराने आली, की सोडतीचा निकाल तोच लागतो आणि जो डेटा तिथे होता तोच तिथे परत येतो. बाकीचे आपल्या जागी.

तुमच्याकडे ऑर्केस्ट्रेटर, म्हणजे ही कामं आपोआप करणारं सेफचं साधन, असेल (२०२० च्या ऑक्टोपस आवृत्तीपासून सेफअॅडम हीच नेहमीची वाट झालीये), तर ओएसडी काढताना ‘रिप्लेस’ हा पर्याय जोडायचा, एवढंच काम. बाकीचं तो पाहतो. हाताने करत असाल तर क्रम असा: आधी आउट (त्या ओएसडीवरचा डेटा इतरांकडे हलवायला सांगणं), मग ‘सेफ टू डिस्ट्रॉय’ (मोडणं सुरक्षित आहे का) विचारून हिरवा कंदील मिळेपर्यंत थांबणं, मग डिस्ट्रॉय, मग झॅप (डिस्क पुसणं) करताना आणि नव्याने तयार करताना दोन्हीकडे ओएसडी आयडी देणं. झॅपला आयडी दिला, की एनव्हीएमईवर त्या ओएसडीचा जो डीबीचा, म्हणजे त्याच्या अंतर्गत नोंदींचा, तुकडा असतो तोही मोकळा होतो. तो न देता नुसती हार्ड डिस्क बदलली, तर एनव्हीएमईवर मेलेले तुकडे साचत जातात आणि एके दिवशी नव्या डिस्कला डीबीसाठी जागाच उरत नाही. हे मी दोन ठिकाणी पाहिलंय, एकदा माझ्याच हातून.

आणखी दोन खाचखळगे. ‘मोकळी असेल ती प्रत्येक डिस्क घे’ असा नियम ऑर्केस्ट्रेटरला देऊन ठेवला असेल, तर तुम्ही खराब डिस्क झॅप केली रे केली की तो तीच पुन्हा उचलून तिचा ओएसडी करून मोकळा होतो. डिस्क बाहेर काढेपर्यंत तो नियम थांबवा. दुसरं वजनाचं. १६ टीबीच्या जागी २० टीबीची डिस्क बसवलीत आणि नंबर तोच ठेवलात, तर क्रशमध्ये नोंद आधीच असल्याने वजन जुनंच, म्हणजे साडेचौदाच्या आसपास राहतं. ते हाताने १८.२ करावं लागतं. नाहीतर चार टीबीचे पैसे दिलेत आणि ती जागा कधी वापरलीच जाणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, समजा मी क्रमानेच डिस्क घालत गेलो, म्हणजे पहिल्या सर्व्हरला ० ते ११, दुसऱ्याला १२ ते २३, तर? घाला. एकेक सर्व्हर सावकाश जोडलात तर तसे नंबर येतीलही, आणि पहिल्या दिवशी क्रश नकाशाच्या झाडाकडे बघून बरं वाटेल. पण त्यावर विसंबू नका. समजा दुसऱ्या सर्व्हरची १७ आणि चौथ्याची ४१ एकाच आठवड्यात गेल्या, आणि कुणीतरी दोन्ही पर्ज केल्या. नवी डिस्क आधी चौथ्या सर्व्हरची आली. मॉनिटर नांग्या भरणार, सर्वांत लहान मोकळा नंबर १७, तो चौथ्या सर्व्हरला. मग दुसऱ्या सर्व्हरला ४१. झाली माझ्या तीन-सहासारखीच अदलाबदल, आणि या वेळी कुणी काही ठरवलंसुद्धा नाही.

मी तर हल्ली सर्व सर्व्हरांना एकदमच डिस्क उचलू देतो. नंबर पहिल्या दिवसापासूनच विस्कटलेले असतात. नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशीच कळतं, की या आकड्यात अर्थ शोधायचा नाही.

मग रात्री दोन वाजता काय? तुमची ती गरज खरी आहे, तिची चेष्टा करत नाही. फक्त तिचं उत्तर नंबरात नाही, मेसेजात आहे. क्लस्टरला सगळं माहीत असतं. ‘ओएसडी फाइंड’ला नंबर दिला की तो मशीन आणि क्रशमधली जागा सांगतो. ‘ओएसडी मेटाडेटा’ त्या ओएसडीमागच्या डिस्कचं मॉडेल आणि सिरियल नंबर सांगतो, ती कुठल्या वाटेने जोडली आहे ते सांगतो, आणि डीबी कुठल्या एनव्हीएमईवर आहे तेही. ‘डिव्हाइस एलएस’ सगळ्या डिस्कची यादी देतो: सिरियल, मशीन, ओएसडी. याच्या जोडीला स्लॉट हवा. बॅकप्लेन (डिस्क जिथे खोचतात ती पाटी) एसईएस ही स्लॉटची माहिती देणारी भाषा बोलत असेल तर लिनक्सच्या सिस फोल्डरमध्ये एन्क्लोजरखाली कुठल्या स्लॉटमध्ये कुठली डिस्क आहे ते दिसतं. या सगळ्याची एक छोटी स्क्रिप्ट करा, जी रोज रात्री तक्ता नव्याने बनवेल. हाताने लिहिलेला तक्ता नको. तो लिहिल्या दिवशी खरा असतो, बस्स. आणि इशाऱ्याच्या मेसेजात याच तक्त्यातली ओळ घाला: ‘ओएसडी ४१ बंद. मशीन साठा-चार, स्लॉट ९, सिरियलचे शेवटचे सहा अक्षर अमुक, डीबी पहिल्या एनव्हीएमईवर.’ झोपेतल्या माणसाला याहून जास्त काय हवं?

स्लॉटच्या आकड्यावर मात्र थोडं थांबतो, कारण तिथेही घोळ आहे. काही खोकी शून्यापासून मोजतात, काही एकपासून. काही डावीकडून उजवीकडे जातात, काही खालून वर चढून मग पुढच्या उभ्या रांगेला जातात. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर एक आकडा सांगतं आणि पुढच्या पत्र्यावर छापलेला आकडा दुसरा असतो. त्यामुळे मशीन नवीन आलं, की डेटा पडायच्या आत एक दुपार काढा, एकेक डिस्क ओढा आणि सॉफ्टवेअरमध्ये कोण गायब झालं ते लिहा. कंटाळवाणं काम आहे. मी ते कुणा कनिष्ठाला देत नाही, स्वतः करतो, चहा घेत घेत.

डिस्कचा दिवा हा दुसरा आधार. सेफमधून ‘डिव्हाइस लाइट ऑन’ करता येतं, किंवा मशीनवर थेट लेडसीटीएल ही कमांड वापरा. ते चालत नसेल तर जुनी युक्ती: डिस्क अजून थोडी जिवंत असेल तर तिच्यावरून डीडी या कमांडने सलग वाचत राहा, तिचा दिवा एकसारखा लुकलुकेल. पूर्ण मेली असेल तर उलट करा. उरलेल्या अकरा डिस्क वाचायला लावा, आणि जी अंधारात बसली असेल ती तुमची.

लेबल कशाचं लावायचं? ओएसडी नंबराचं तर मुळीच नाही. ट्रेच्या तोंडावर सिरियल नंबरचे शेवटचे पाच-सहा अक्षर लावा, आणि डिस्क बदलली की लेबल बदललंच पाहिजे असा नियम करा, कारण ट्रे तोच राहतो आणि जुनं लेबल सहज विसरलं जातं. ओढण्याआधी मेसेजातलं सिरियल आणि लेबल जुळवायचं, न जुळलं तर हात मागे. एसएएस (सर्व्हरमध्ये डिस्क जोडण्याचा एक प्रकार) डिस्क असतील तर सिरियल आणि डब्ल्यूडब्ल्यूएन (डिस्कची जगभरात एकमेव ओळख) हे दोन वेगळे आकडे असतात, कुठला वापरायचा ते एकदाच ठरवा. आणि लेबल चांगल्या प्रतीचं घ्या. एमआयडीसीच्या धुळीत नि एप्रिलच्या उन्हाळ्यात स्वस्त चिकटपट्टी गळून मशीनच्या तोंडात जाऊन बसते.

लिनक्सच्या एसडीए, एसडीबी या नावांवर तर कधीच काही उभारू नका. कोण आधी जागं झालं यावर ती ठरतात, पुढच्या रीबूटला बदलू शकतात. एनव्हीएमईच्या नावातल्या आकड्यांचंही तेच. सेफ स्वतः त्यांच्यावर अवलंबून नसतो. ओएसडीचा नंबर आणि ओळख तो एलव्हीएमच्या (डिस्कचे भाग सांभाळणारी लिनक्सची व्यवस्था) टॅगमध्ये लिहून ठेवतो, म्हणून तर माझ्या डिस्क दुसऱ्या खोक्यात जाऊनही निमूट उठल्या.

तुमच्या एनव्हीएमईचा विचार योजनेत कुठेच दिसला नाही, आणि एक डिस्क एक नंबर हे समीकरण तिथेच मोडतं. एका मशीनमध्ये १२ हार्ड डिस्क आणि २ एनव्हीएमई, म्हणजे एकेका एनव्हीएमईवर सहा ओएसडींचे डीबी. ती एक काडेपेटीएवढी वस्तू गेली, की सहा नंबर एकदम लाल. तुमच्या १०१ ते ११२ मध्ये त्या एनव्हीएमईला नंबरच नाही. उलट उद्या सगळं फ्लॅशवर गेलात आणि वेगासाठी एकेका एनव्हीएमईवर दोन ओएसडी केलेत, तर एका स्लॉटला दोन नंबर. सहा लाल ओएसडी एकाच एनव्हीएमईचे आहेत हे मेटाडेटा सांगेल, नंबर कधीच सांगणार नाही. म्हणून इशाऱ्यात डीबीची जागा घालायला सांगितली.

जागेची माहिती साठवायची हक्काची जागा सेफमध्ये आहेच, ती म्हणजे क्रशचं झाड. होस्ट, चॅसी, रॅक, रो, अगदी वीज कुठल्या पीडीयूतून येते ते सांगणारा प्रकारही तयार आहे. सर्व्हर दुसऱ्या रॅकमध्ये हलवलात, तर झाडात हलवा. फक्त लक्षात ठेवा, फेल्युअर डोमेन (एकाच वेळी जेवढं बंद पडलं तरी डेटा वाचावा ती पातळी) रॅक ठेवायचं तर तीन प्रतींना तीन रॅक लागतात. तुमच्या सहा सर्व्हरांना दोन रॅक असतील तर होस्टच ठेवा, रॅकची नोंद नुसती माहितीला.

सर्व्हरच्या नावातही रॅक घालू नका, तीच चूक वरच्या मजल्यावर होते. साठा-एक ते साठा-सहा पुरे. गंमत म्हणजे होस्टचं क्रशमधलं नाव सोडतीत नसतं, त्याचा ऋण आकडा असतो. त्यामुळे ‘रिनेम बकेट’ने नाव बदललं तर एक बाइटही हलत नाही. पण मशीनचं होस्टनेम बदललं आणि क्रशमध्ये विसरलात, तर ओएसडी सुरू होताना स्वतःच नव्या नावाचा होस्ट तयार करतात, त्याला नवा ऋण आकडा मिळतो आणि मशीनभर डेटाची सोडत पुन्हा निघते. एका शनिवारी दुपारी हे पाहिल्यावर मी नाव बदलण्याचे बेत सोडून दिले.

हे सगळं सेफपुरतं आहे. मिनआयओसारख्या दुसऱ्या साठवण-प्रणालीत उलट क्रमवार नावं लागतातच. होस्ट एक ते सहा, डिस्क एक ते बारा असं सलग लिहायचं असतं, आणि माउंट पॉइंट लेबलने किंवा यूयूआयडीने पक्के करायचे. ग्लस्टर या अशाच आणखी एका प्रणालीत व्हॉल्यूम बनवताना ब्रिक (सर्व्हरवरचे साठ्याचे फोल्डर) कोणत्या क्रमाने लिहिल्या यावरून कोण कुणाची प्रत ते ठरतं, तिथे क्रमात खरंच अर्थ आहे. झेडएफएस या फाइलसिस्टीममध्ये स्लॉटवरून टोपणनाव देण्याची सोय वेगळी करून ठेवलीये आणि ती छान आहे. म्हणजे कुठल्या भांड्यात शिजवताय ते आधी पाहा.

एक बारीक गोष्ट डिस्ट्रॉयच्या रस्त्याबद्दल राहिली. नंबर तोच ठेवल्याने ग्राफानावर (आलेख दाखवणारं साधन) ओएसडी ४१ ची रेघ सलग दिसते, पण मधे डिस्क बदललेली असते. सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतं, ‘४१ मार्चपर्यंत इतकी हळू होती, मग एकदम सुधारली कशी?’ म्हणून बदलल्याची खूण त्या आलेखावर तारखेसह टाकत जा, आणि डिस्कच्या आरोग्याचा इतिहास सिरियल नंबरावर ठेवा, ओएसडीवर नाही.

राहिला तुमचा चाचणीचा क्लस्टर. ओएसडीचा नंबर जागच्या जागी बदलायची सोयच नाही. सरळ करायचा म्हणजे एकेक ओएसडी रिकामा करा, मोडा, नव्याने बांधा, भरा. तोच वेळ वेगळ्या कामाला लावा: चाचणीच्या क्लस्टरवर कुणाला न सांगता एक डिस्क ओढा, रात्रीच्या माणसाला फक्त मेसेज पाठवा, आणि तो योग्य स्लॉटपाशी जातो का ते बघा. चुकीच्या स्लॉटपाशी गेला तर त्याला काही बोलू नका, मेसेज दुरुस्त करा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ओढा.